सांदवाडीतला मोह

आषाढात आमच्या झाडीपट्टीत न पेरलेलंही उगवतं. लहानपणी सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, निंदायला बसलो की आजी बजावायची, "उपटू नको गा, आधी पाहू दे कायचं आहे." मग ती कोवळं पान तळहातावर चुरडायची. हात लाल झाला तर साग. चीक आला तर पुढची चौकशी. वड-उंबराच्या शेंड्याचं नवं पान टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं. तसं नसेल तर ती बुडाची माती बोटानं उकरून बी शोधायची.

नोकरीनं चंद्रपूरला आलो तरी ती रीत हाताला राहिली. गेल्या पावसाळ्यात मोरीच्या कडेला तांबूस, लुसलुशीत पानांचं रोप आलं. देठ मोडताच पांढरा चीक. बुडाशी उकरलं तर टोरीचं तपकिरी, चकचकीत टरफल. मोह! टोरी म्हणजे मोहाचं बी. आमच्या गल्लीत मोहाचं झाड नाही, पण शेजारच्या चिंचेवर वटवाघळं येतात. पिकलं फळ दूर न्यायचं, गर खायचा, बी टाकायचं, हे काम ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत.

मला फार आनंद झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जुने, थोराड मोह पुष्कळ. कोवळा मोह मात्र शोधावा लागतो. होळीच्या सुमारास फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. पावसाच्या तोंडावर टोरी तेलासाठी वेचली जाते. त्यातूनही उगवलेलं गुरं खातात. वेचणाऱ्यांना मी दोष देणार नाही. कित्येक घरांचा उन्हाळा या फुलांवर निघतो, आणि 2021 मध्ये सरकारनं मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरची बंधनं उठवली ते योग्यच झालं. पण नवा मोह फुलायला दहाएक वर्षं लागतात. आज आपण वेचतो ते पणजोबांच्या वेळचं.

मोहाचं सोटमूळ लवकर खोल जातं. म्हणून रोप पहिल्याच पावसाळ्यात, मातीच्या गोळ्यासकट काढून मी गावच्या बांधावर लावलं आणि भोवती बोरीच्या काट्या रोवल्या.

तुमच्या अंगणात असं रोप आलं तर त्यालाही जागा द्या. स्वतःचा बांध नसेल तर ग्रामसभेला विचारा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्येच सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभांकडे आपलं जंगल आलं आहे. एका मोहापुरती जागा त्या नक्की दाखवतील.