गुलाबी शहरातले रबरी पाऊल

जयपूर म्हटले की हवामहल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर आणि लाखेच्या बांगड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेले हे आखीवरेखीव शहर पाहायला जगभरातून पर्यटक येतात. पण जयपूरच्या स्टेशनावर असेही काही प्रवासी उतरतात, ज्यांना यातले काहीच पाहायचे नसते. कुणी कुबड्यांवर असतो, कुणी भावाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत येतो. त्यांना जायचे असते ते मालवीय नगरला. तिथे पाय मिळतो, तोही विनामूल्य.

कारागिरांची नगरी

हा पाय जयपूरलाच का जन्मला, याचे उत्तर जुन्या शहराच्या गल्ल्यांत सापडते. मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या वळल्या जातात, ठठेऱ्यांच्या रस्त्यावर भांडी ठोकली जातात, तर खजानेवालों का रास्ता मूर्तिकारांच्या छिन्नीच्या आवाजाने जागा होतो. अशाच कारागीर घराण्यातले रामचंद्र शर्मा परकोटाबाहेरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवायला आले. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत, पण हातात विलक्षण कसब. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत.

तिथेच अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी होते. पाय गमावलेले रुग्ण महागडा कृत्रिम पाय घेऊन जात आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर परत येत, हे दोघे पाहत होते. दोष रुग्णांचा नव्हता. तो पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी घडवलेला होता. आपल्याकडचा शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळात जाताना चप्पल बाहेर काढतो. घोट्यात न वाकणारा पाय त्याच्या काय कामाचा?

टायरवाल्याची युक्ती

उत्तर सापडले रस्त्यावर. मास्टरजींच्या सायकलचे चाक पंक्चर झाले आणि दुकानात ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवताना त्यांनी पाहिले, अशी गोष्ट सांगितली जाते. त्यातूनच १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ तयार झाले. आत स्पंजासारखे हलके रबर आणि लाकडाचा ठोकळा, त्यावर टायरमधल्या दोऱ्यांच्या रबराचे वेष्टण, बाहेर कातडीच्या रंगाचे रबर; हे सारे साच्यात घालून भाजायचे. पाऊल सर्व बाजूंना वाकते, पाण्याने खराब होत नाही आणि बुटाशिवायही चालते. वरची नळी आरंभी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असे, पुढे ती पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपपासून होऊ लागली. डॉ. सेठींनी पेटंट घेतले नाही. कुणीही हा पाय बनवावा, हीच त्यांची इच्छा. १९८१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव मात्र आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

दार सदैव उघडे

पाय उत्तम असला तरी तो लोकांपर्यंत पोहोचत नव्हता. १९७५ पर्यंतच्या सात वर्षांत अवघे ५९ पाय बसवले गेले. हे चित्र बदलले ते देवेंद्र राज मेहता यांनी. १९६९ मध्ये जैसलमेरला अधिकारी असताना अपघातात त्यांचा पाय जाता जाता वाचला होता. त्यांनी १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. हेच मेहता पुढे मुंबईत सेबीचे अध्यक्ष झाले.

समितीच्या केंद्रात आधी वेळ घ्यावी लागत नाही. रात्री-अपरात्री आलेल्या माणसालाही आसरा मिळतो. सोबतच्या नातेवाइकाचीही जेवण्याराहण्याची सोय होते. पायाच्या उरलेल्या भागाचे प्लॅस्टरमध्ये माप घेतात, साचा बनवतात, तापवलेला पाइप त्यावर चढवतात. गुडघ्याखालचा पाय बहुधा त्याच दिवशी मिळतो. काम करणाऱ्यांतले काही जण स्वतःही कृत्रिम पायावर उभे असतात. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. त्या याच जयपूर फूटवर पुन्हा नाचल्या.

हाताचे कोडे

कडबाकुट्टीच्या यंत्रात किंवा विजेच्या धक्क्याने हात गमावलेलेही इथे येतात. मात्र हात देणे पायाहून कठीण. पावलाने शरीराचा भार पेलला की बरेचसे काम झाले. हाताला सुईही उचलायची असते आणि बादलीही. बोटांचा स्पर्श तर कोणतेच स्वस्त यंत्र परत देत नाही. खांद्याला पट्टा बांधून तारेने उघडमीट करणारा हात तुलनेने स्वस्त पडतो, पण तो वापरायला सवय लागते. म्हणून इथेही प्रश्न तोच विचारावा लागतो, जो मास्टरजींनी पायाबाबत विचारला : या माणसाला घरी गेल्यावर करायचे काय आहे? विळा धरायचा, सायकलची मूठ पकडायची, की मुलीची वेणी घालायची? उत्तर मिळाले, की काय घडवायचे ते कळते.

जयपूरला जाणाऱ्यांनी हवामहल अवश्य पाहावा. मुंबईहून थेट गाड्या आहेत आणि हिवाळा त्यासाठी उत्तम. सवड असल्यास पूर्वपरवानगी घेऊन मालवीय नगरचे हे केंद्रही पाहावे. बाहेरच्या मोकळ्या जागेत कुणीतरी नव्या पायावर पहिली पावले टाकत असते आणि कोपऱ्यात त्याच्या कुबड्या भिंतीला टेकून ठेवलेल्या असतात. परतताना त्या बरोबर न्याव्या लागत नाहीत.