चौकटी आखताना

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमला पट नसला तरी चालतं. फासे, पेन्सिल आणि प्रत्येकापुढे एक छापील कागद असला की खेळ सुरू. पात्राचं नाव-गाव, अंगातले गुण, कंबरेची हत्यारं, झालेल्या जखमा, सगळं त्या कागदावर. ही कॅरेक्टर शीट. कोल्हापुरात मी मराठी शीट्स तयार करतो, आणि या कामानं एक गोष्ट मनात पक्की केली आहे: कागदावर ज्याला जागा मिळते, तेच खेळात घडतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. त्यातले सहा गुण आजही कायम आहेत. माझ्या शीटवर ते ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि छाप या नावांनी येतात. ताकद आणि दम वेगळे का, हे तालमीच्या गावात कुणाला समजावावं लागत नाही. अंगात रग भरपूर, पण कुस्ती लांबली की धाप लागते, असा गडी सगळ्यांनी पाहिलेला असतो.

गुणाचा आकडा सहा बाजूंच्या तीन फाशांवर काढला, तर 3 ते 18 मध्ये कुठंतरी येतो. आजच्या नियमांत मात्र खेळताना तो आकडा फारसा लागत नाही. ताकद 16 असेल तर वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात 3 मिळवायचे. 10 असेल तर काहीच नाही. म्हणून मी ही मिळवणी मोठ्या चौकटीत घेतो आणि मूळ आकडा खाली बारीक ठेवतो. नवख्या खेळाडूची नजर थेट तिथं गेली पाहिजे. कागदात शोधाशोध सुरू झाली की रंगलेली लढाई थंड पडते.

देवनागरीला उंची लागते. इंग्रजी नाव सहा मिलिमीटरच्या ओळीत आरामात मावतं. हातानं ‘कृष्णाजी’ लिहायचं तर खालचा ऋकार आणि वरची वेलांटी शेजारच्या ओळींत घुसतात. मी नऊ मिलिमीटर सोडतो. अमेरिकन शीट 216 बाय 279 मिलिमीटरच्या कागदासाठी आखलेली असते. आपला ए-फोर 210 बाय 297, म्हणजे जरा अरुंद पण उंच. ती वाढीव उंची मी या ओळींना देतो. जखमांची चौकट सर्वांत जास्त खोडली जाते. तिथं मी फिकट राखाडी रेघ घेतो आणि शीट जाड कागदावर लेझर प्रिंटरनं काढतो. पातळ झेरॉक्स कागद खोडरबरानं लगेच फाटतो.

पन्हाळ्याच्या वेढ्यावर खेळ बांधायला घेतला, तेव्हा आखणीचा खरा कस लागला. जुलै 1660. सिद्दी जौहरचा वेढा, विशाळगडाची वाट, खिंडीत बाजीप्रभू. दांडपट्टा, ढाल, विटा यांच्या चौकटी सहज झाल्या. पण शिवाजी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशिद यांचं काय? त्यांनी जे केलं ते ताकदीत बसत नाही, चपळाईत बसत नाही, कुठल्याच मिळवणीत बसत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या अधिकृत शीटवर पात्राचे आदर्श, ऋणानुबंध आणि उणिवा यांच्यासाठी उजवीकडे लहान चौकटी होत्या. माझ्या शीटवर पानाचा वरचा तिसरा हिस्सा त्यांचा आहे. तिथं तीनच प्रश्न छापले आहेत: घरी कोण वाट बघतंय? शब्द कुणाला दिलाय? कशापायी जीव द्याल? हत्यारं त्याखाली.

हा बदल केल्यापासून टेबलावरची बोलणी बदलली. पूर्वी पोरं आधी पट्ट्याचा वार किती, ते विचारायची. आता वेढ्यातून निसटायची वेळ आली की मागं कोण थांबणार यावर वाद होतो, आणि थांबणारा आपल्या शीटवरचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवतो. तो निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. आखणाऱ्यानं त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तराला पुरेल एवढी कोरी जागा सोडायची.