रात्री अकरानंतरचा शेजार

भुसावळला रात्र होत नाही. दिवस मावळतो हे खरं, पण त्यानंतर जे सुरू होतं त्याला रात्र म्हणणं म्हणजे स्टेशनच्या फलाटाला शयनगृह म्हणण्यासारखं आहे. अकराला इकडची गाडी, बाराला तिकडची, आणि मधल्या वेळात यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटतात. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री चार वेळा दचकून उठतो. आम्ही भुसावळकर यार्डात आवाज झाला नाही तर दचकून उठतो. १८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वेचे रूळ इथं आले, तेव्हापासून अर्धं गाव रात्रपाळीला जागं असतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या डब्याची काळजी करत जागं असतं. अशा गावात एखाद्यानं रात्री अकराच्या ठोक्याला टेलिफोनपुढे मांडी ठोकायचं व्यसन लावून घेतलं, तर कोणाला नवल वाटू नये. तरी वाटलं. शेजारचे काका गच्चीवरून वाकून रोज विचारायचे, "काय करी राह्यला रे भो?"

मी काय करी राह्यलो होतो, हे सांगणं त्या वेळी अवघड होतं आणि आज तर अशक्य झालं आहे. साल १९९३. व्यसनाचं नाव बुलेटिन बोर्ड. म्हणजे असं, की मुंबईतला एखादा हौशी गृहस्थ आपला घरचा कॉम्प्युटर घरच्या टेलिफोनला जोडून रात्रभर चालू ठेवायचा. आपण आपल्या कॉम्प्युटरनं त्याला फोन लावायचा. लागला, तर पलीकडचा कॉम्प्युटर उचलायचा आणि आपल्या पडद्यावर त्याचा फलक दिसायचा. लोकांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं काही चिकटवायचं, आणि निरोप घ्यायचा. सार्वजनिक वाचनालयाच्या दारातला फळाच म्हणा, फक्त एका वेळी एकच माणूस आत आणि बाकीचे बाहेर 'एंगेज' ऐकत उभे. त्या एंगेजचासुद्धा आम्हांला आनंद व्हायचा. तिकडे कोणी तरी जागं आहे, एवढं तरी त्यातनं कळायचं!

हे खूळ निघालं शिकागोत. १९७८ च्या जानेवारीत तिथं एवढं बर्फ पडलं, की माणसांना घराबाहेर पडता येईना. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस नावाच्या दोन कॉम्प्युटरवेड्यांनी त्या सक्तीच्या सुट्टीत ठरवलं, की आपल्या क्लबाच्या नोटीसबोर्डालाच टेलिफोन लावून टाकू. त्या वर्षीच्या १६ फेब्रुवारीला त्यांचा फलक सुरू झाला. सूस २०१९ मध्ये गेले, क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. आपल्या बर्फाचं पाणी भुसावळपर्यंत आलं होतं, हे त्यांना कोणी कळवलं नसावं. मला विचाराल तर शिकागोत जे बर्फानं झालं ते आमच्याकडे उन्हानं व्हायला हवं होतं. कारण मे महिन्यात भुसावळकरही घराबाहेर पडत नाही. पण आमच्याकडे सक्तीच्या सुट्टीत माणूस केळीचे वेफर्स खातो आणि झोपतो. शोध लागत नाहीत.

आपल्या देशात हे फलक उभे करणाऱ्यांत एक ठळक नाव मराठी होतं: अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, वाढले बेळगावात, आणि १९८९ मध्ये बंगलोरला 'सीआयएक्स' हा फलक त्यांनी सुरू केला. मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' होता. आणखीही काही होते, त्यांतल्याच एका छोट्या फलकाचा मी गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाईक म्हणायचं एवढंच. पैसे फलकाला द्यावे लागत नसत. ते जायचे एसटीडीला. म्हणून अकराची वाट. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, आणि आमच्या घरात पाव हा शब्द त्या काळी बेकरीपेक्षा टेलिफोनच्या संदर्भातच जास्त उच्चारला जायचा.

आईचा हिशोब वेगळा होता. ती बिल हातात घेऊन म्हणायची, "एवढ्या पैशांत तू मुंबईला जाऊन, त्यांना भेटून, जेवून परत आला असतास." हिशोब बरोबर होता. पण मुंबईला जाऊन त्या लोकांच्या दारात उभं राहिलं असतं, तर बोलायचं काय? आमची मैत्री लिहिण्याची होती.

लिहिणं तरी कसलं! मॉडेम २४०० चा, म्हणजे सेकंदाला अदमासे २४० अक्षरं. पडद्यावर मजकूर असा उमटायचा, की वाचणाऱ्यानं बोट लावून पुढे पुढे जावं. ३६० केबीची एक फ्लॉपी भरेल एवढा ऐवज उतरवायला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात पाऊस आला, तार हलली, किंवा घरातल्या कोणी दुसरा रिसीव्हर उचलला, की सगळं मुसळ केरात. पुढे शहाणपण आलं. नवे संदेश गाठोडं बांधून एकदम उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा, दिवसभर सावकाश वाचायचे, उत्तरं लिहायची, आणि रात्री अकराला उत्तरांचं गाठोडं चढवायचं.

त्यातनं मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत. पुण्याच्या सी-डॅकचं देवनागरीचं कार्ड निघालं होतं, पण ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे. फलकावर सगळे इंग्रजी लिपीचे उपासक. त्या लिपीत 'मला', 'माला' आणि 'मळा' यांचं एकच रूप होतं. आई एकदा उत्साहानं म्हणाली, "भरताची कृती टाक माझ्या नावानं. वांगी कशी भाजायची ते त्या मुंबईवाल्यांना कळू दे." मी तसं जाहीर केलं. दोन दिवसांनी एका मुलीचा संदेश आला: "काकू, कधी पाठवता?" आईनं तो चष्मा लावून स्वतः वाचला आणि म्हणाली, "कढी कशी पाठवू बाई? फुटेल ना ती मुंबईला जाईपर्यंत!"

घरात हे सगळं ज्याला पहिल्या दिवशी समजलं असे एकटे अप्पा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते आणि १९९१ मध्ये निवृत्त झाले होते. निवृत्ती नोकरीला लागू होते, झोपेला होत नाही. तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस रात्री अकराला ताजातवाना होऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा. मॉडेमनं पहिल्यांदा 'टीं... कर्रर्र... खर्रर्र' असा गळा काढला तेव्हा आई देवघराकडे धावली आणि अप्पा माझ्याकडे. म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी म्हणालो, "दोन्हीकडचे मॉडेम एकमेकांना विचारताहेत, की कुठल्या वेगानं बोलायचं, तू तयार आहेस का."

"मग लाइन क्लिअर मागताहेत म्हण की! मिळाली का?"

"मिळाली."

"सोड गाडी."

त्यांना पुढचंही समजावून सांगावं लागलं नाही. कंट्रोल फोन म्हणजे तरी काय? एक तार, तिच्यावर सगळी स्टेशनं, आणि एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येणार. तिथं माणसाला नाव नसतं. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा. जो स्टेशन मास्तर ड्यूटीवर असेल तो त्या रात्रीपुरता निंभोरा. आमच्या फलकावरही कोणी खऱ्या नावानं वावरत नसे. अप्पांनी विचारलं, "मला काय नाव घेता येईल?" आणि उत्तराची वाट न पाहता सांगितलं, "लिही, कंट्रोल." अमेरिकेतल्या टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या फिडोनेटची पद्धत मी त्यांना सांगितली: स्वस्त दराच्या वेळी एक फलक दुसऱ्याला फोन करतो, आपल्याकडची टपाल त्याला देतो, तो पुढच्याला. अप्पा म्हणाले, "आर. एम. एस. आहे ही. चालत्या गाडीत टपाल निवडणारी. अमेरिकेला हे आत्ता सुचलं?"

मग त्यांनी फलकावर एक सूचना सांगून लिहवली: भुसावळ विभागात काम केलेलं कोणी आहे का? आठवडाभर कोणी नव्हतं. आठव्या रात्री डोंबिवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाचं उत्तर आलं. त्याचे आजोबा म्हणे स्टेशन मास्तर होते. नाव त्यानं लिहिलं नव्हतं. आजोबांनी लिहू दिलं नव्हतं. त्यांनी एवढंच लिहायला सांगितलं होतं: "कंट्रोल, निंभोरा बोलतोय."

अप्पा खुर्चीवर बसले. या माणसाचा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं रोज ऐकला होता, आणि तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणाले, "फोन नंबर माग. आत्ता लाव." दुसऱ्या रात्री नातवाचं उत्तर आलं, की आजोबांना आता ऐकू येत नाही. कानाच्या यंत्रानंही नाही. फोनचा काही उपयोग नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरच्या मॉडेमचा मालक बदलला. अकराला अप्पा माझ्या आधी हजर असायचे. ते सांगायचे, मी टायपायचो. तिकडे नातू मोठ्या अक्षरांत पडद्यावर काढून दाखवायचा. विषय काय? कुठल्या साली तापी किती चढली होती, कुठली मालगाडी कुठं अडकली होती, कोणत्या अधिकाऱ्याचा सलून कोणत्या स्टेशनवर विसरला गेला. भारत-पाकिस्तानचे सामने या दोघांनी बोलण्यातनं कधीच बाद केले होते. प्रत्येक निरोपाच्या शेवटी मात्र अप्पा एक दोन आकडी नंबर घालायला लावायचे. रेल्वेत महत्त्वाचा निरोप नुसता सांगून भागत नाही. तो पोचल्याची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो. नंबरांचा छापील तक्ता असतो. दिला की त्यावर काट. अप्पांनी कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतःचा तक्ता आखला होता. "निरोप मिळाला, नंबर ६४" असं पडद्यावर आलं, की ते ६४ टिपून घ्यायचे आणि मग झोपायला जायचे. आईला ते दिसल्यावर टेलिफोनच्या बिलाविषयी ती पुन्हा बोलली नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. सरकारनं असले फलक चालवणाऱ्यांकडून जबर परवाना शुल्क मागायचं काढलं. हौसेखातर घरातलं टेलिफोनचं बिल सोसणारी माणसं, त्यांच्यापुढे लाखांचे आकडे. ओरडा झाला. तेवढ्यात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासला इंटरनेट सुरू केलं. खाजगी माणसाला हजारो रुपये. विद्यार्थ्याला ५०० तासांचे ५०० रुपये, पण त्यात नुसती अक्षरं, चित्रं नाहीत. विद्यार्थी तिकडे वळले. नातूही वळला असता, पण आजोबांसाठी थांबला. १९९७ मध्ये आमच्या फलकाच्या मालकानं महिनाअखेर बंद करतो म्हणून सूचना लावली. कोणी त्याला दोष दिला नाही. एवढी वर्षं आपल्या घरातला फोन त्यानं रात्रभर परक्यांना दिला होता.

अप्पा आणि निंभोरा पोस्टकार्डावर आले. पास होता, गाडी दारात होती, डोंबिवली त्याच लाइनवर होती. मी म्हणायचो, "जाऊन भेटा ना एकदा." अप्पा म्हणायचे, "त्याला ऐकू येत नाही आणि मी त्याला तोंडानं ओळखत नाही. दोघंही बसून काय करणार?" कार्डावर नंबर असायचाच. २००१ मध्ये एक कार्ड नातवाच्या अक्षरात आलं, त्यावर नंबर नव्हता. अप्पांनी ते दोनदा वाचलं, कॅलेंडर काढलं, एका नंबरावर काट मारली, आणि उलटटपाली नातवाला कळवलं: निरोप मिळाला. प्रायव्हेट नंबर ३२.

अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या खिशात हल्ली सतरा गट आहेत. सकाळी फुलं येतात, दुपारी सुविचार, आणि कोणी गेल्याची बातमी आली तर तिच्याखाली चाळीस जोडलेले हात एका मिनिटात. निळ्या खुणा लगेच उमटतात. निरोप पोचतो, यात शंका नाही. तरी सवय म्हणून महत्त्वाचं काही कळवायचं असलं, की शेवटी मी एक दोन आकडी नंबर लिहितो, आणि पलीकडून एखादा नंबर येतो का पाहतो. लोकांना तो ओटीपी वाटतो. परवा एका पुतण्यानं तर तातडीनं फोन करून बजावलं, "काका, असले नंबर कोणाला देत जाऊ नका."