तांबड्या तंतूंची बाजू

पशुवैद्यकाच्या मुलांना मांसशास्त्र शिकवताना बरीच वर्षं मी फळ्यावर एक सूत्र लिहीत आलो. जो स्नायू सतत राबतो त्यात संथ, तांबडे तंतू जास्त, म्हणून त्याचं मांस वातड. जो फारसा राबत नाही त्यात जलद, फिकट तंतू, म्हणून ते लुसलुशीत. पाठ करायला सोपं, त्यामुळे मुलं खूश. आज मी हे मानत नाही.

मत फिरवलं ते गुरांच्या खांद्यातल्या इन्फ्रास्पायनेटस या स्नायूनं. खवाट्याला बाहेरून चिकटलेला हा स्नायू जनावर उभं असेपर्यंत कामावरच असतो, आणि त्यात संथ तंतूही भरपूर. सूत्राप्रमाणे तो चावताना दात दुखायला हवेत. अमेरिकेतही पूर्वी त्याला फारसा भाव नव्हता. मग नेब्रास्का आणि फ्लोरिडा इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी खांद्याचे आणि मांडीचे स्नायू एकेक सुटा करून तपासले, तेव्हा हा गडी मऊपणात थेट अंडरकटच्या खालोखाल निघाला. त्याच्या मधोमध एक जाड पांढरा पडदा असतो. वातडपणा त्या पडद्याचा, आणि बदनामी सगळ्या स्नायूची! पडदा सोलून काढला की दोन सपाट तुकडे हाती येतात. तिकडे ते आता ‘फ्लॅट आयर्न स्टेक’ म्हणून विकले जातात.

मग खुद्द अंडरकटकडे नीट पाहिलं. गुरांत तोही बऱ्यापैकी तांबडाच असतो. तंतू प्राणवायूवर चालणारे, म्हणून दुकानातल्या काचेआड तो पाठीच्या मांसाआधी तपकिरी पडतो. तंतूंच्या प्रकाराचा परिणाम इथे मात्र उघड दिसतो. मऊपणाचं कारण वेगळं: त्यात कोलॅजन कमी, शिवाय धड मागच्या पायांना टांगलं की हा स्नायू ताणलेला राहतो आणि ताठरताना आखडत नाही. तेच धड कमरेच्या हाडाला अडकवून टांगलं, तर पाठीचे आणि मांडीचे काही स्नायूही जास्त मऊ निघतात. तंतू तेच, फरक फक्त टांगण्याचा.

जुन्या सूत्रात चपखल बसणारी उदाहरणं आहेत, नाही असं नाही. जबड्याचा स्नायू जवळजवळ सगळा संथ तंतूंचा आणि भलताच चिवट. दुसऱ्या टोकाला बेल्जियन ब्लू ही जात: मायोस्टॅटिन जनुकातल्या बदलामुळे स्नायू फुगलेले, जलद तंतू जास्त, मांस फिकट आणि मऊ. पण जबड्यात कोलॅजन भरपूर आणि बेल्जियन ब्लूमध्ये कमी, हे मी शिकवताना गाळत होतो.

त्याचं कारण आमच्याकडचा माल. आमच्या मुलांसमोर येणारं मांस बहुतेक दूध आटलेल्या, उतारवयातल्या म्हशींचं. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. वयाबरोबर कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट जखडतात आणि तासभर शिजवूनही विरघळत नाहीत. म्हातारपणाचा दोष मी तंतूंच्या माथी मारत होतो.

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. ‘तांबडे तंतू असलेले मांस वातड असते, कारणे द्या’ हा प्रश्न यंदापासून वगळा. त्याऐवजी जनावराचं वय, कोलॅजन आणि धड टांगण्याची पद्धत यांवर विचारा.