माल तोच, हमाली दुप्पट!

मी दारव्ह्याचा. आमची शकुंतला आता बंद पडली. पूर्वी अडीच फुटी रुळांवरून ती कापसाच्या गाठी मुर्तिजापूरला न्यायची. तिथून पुढे ब्रॉडगेज, म्हणून हमाल त्याच गाठी उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचे. माझे आजोबा त्यांतलेच. शेवटपर्यंत त्यांची पाठ दुखायची.

प्रोजेक्टला कॅमेरा जोडला आणि कर्नलमध्येही मुर्तिजापूर दिसलं. ‘रीड’ म्हटलं की ड्रायव्हरच्या बफरमधली फ्रेम आपल्या मेमरीत कॉपी होते. १९२० बाय १०८० ची, पिक्सेलला २ बाइट्सची फ्रेम सुमारे ४ एमबीची. सेकंदाला ३० म्हणजे १२० एमबीच्या वर हमाली! ‘एम-मॅप’ केलं की तीच मेमरी दोघांना दिसते. २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये आलेल्या डीएमए-बफमुळे तर कॅमेरा आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरही एकच बफर वापरू शकतात. प्रोग्रामकडे फक्त फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे मालाची बिल्टी.

पण मित्रांनो, कॉपीत एक निश्चिंती असते. सामाईक बफरमध्ये एकाचं वाचून व्हायच्या आत दुसऱ्यानं लिहिलं, तर अर्धी फ्रेम जुनी, अर्धी नवी. म्हणून पाळी ठरवावी लागते: आपण बफर रांगेत परत दिल्याशिवाय ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. हॉस्टेलात एका बादलीवर चौघं भागवणाऱ्यांना हे काय सांगायचं! हमाली वाचवायची तर एकमेकांवर भरवसा हवा, आणि भरवशाला शिस्त.