भाचेसुनेचं माहेर, साल १७७८

१७७८ साली यॉर्कशरमधल्या एका खेड्यात जिचा बाप्तिस्मा झाला, त्या पोरीच्या आईचा बाप काय काम करत होता, हे मला आता ठाऊक आहे. गाड्यांची चाकं करणारा सुतार होता तो! हे कळल्यापासून घरात मी दुसऱ्या कुणाला बोलू दिलेलं नाही. दूधवाल्यालाही सांगून झालंय.

माझी भाचेसून तिकडची. दिवस भरत आले तसं तिला आपल्या आजोळची माणसं शोधावीशी वाटायला लागली. "आत्या, तुम्हाला जुने कागद आवडतात ना?" एवढं विचारून तिने चर्चच्या वहीच्या पानांची छायाचित्रं पाठवून दिली, आणि माझी झोप उडाली.

राजेरजवाड्यांचे पूर्वज कुठल्याही देशात सापडतात, त्यात काय मोठंसं! इथे शेतमजूर सापडतो. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पाद्र्याने वहीत करावी. तेव्हापासून लोक लिहीत आले. जगाला वळसा घालणारा कॅप्टन कुक १७२८ साली यॉर्कशरच्याच मार्टन गावच्या वहीत उतरला, तो रोजावर राबणाऱ्या मजुराचा मुलगा म्हणून. एक ओळ, बस्स. त्याच्या वर आणि खाली ज्यांच्या ओळी आहेत, त्या पोरांचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक. पण वहीत त्यांना कुकइतकीच जागा.

मात्र बहुतेक नोंदी फार कंजूष. मुलाचं नाव, बापाचं नाव, तारीख. आईचं नाव लिहिलं तर उपकार. म्हणून मी विल्यम डेड या यॉर्कच्या पाद्र्याला मनोमन नमस्कार करते. १७७० च्या सुमारास या गृहस्थाने ठरवलं, की एवढ्याने भागायचं नाही. बाळ कितवं, बाप कोण, धंदा काय, राहतो कुठे, बापाचे आईबाप कोण, आई कोण आणि तिचे आईबाप कोण, सगळं लिहायचं! १७७७ मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपने ही पद्धत आपल्या धर्मप्रांतात लागू करायचं ठरवलं. पुष्कळ पाद्र्यांनी एवढी लिखापढी कोण करणार म्हणून अंग काढून घेतलं. आमच्या गावचा पाद्री कष्टाळू निघाला, आणि एकाच आडव्या ओळीत तीन पिढ्या माझ्यासमोर आल्या. आपल्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याचे पुरुष सापडतात. इथे आईचं माहेरसुद्धा होतं.

मागे जाऊ लागलं की तारखा मात्र चक्रावून टाकतात. लग्न मे १७३५ मध्ये आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७३५ मध्ये! भुवया उंचावण्याआधी आठवायचं, की तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. तो फेब्रुवारी मे महिन्याच्या नंतरचा, आपल्या हिशेबाने १७३६ चा. सूनबाईंच्या पूर्वजांची अब्रू शाबूत. पुढे १७५१ हे साल मार्चअखेरीस सुरू होऊन डिसेंबरातच संपलं, आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरला रात्री झोपलेली माणसं १४ सप्टेंबरला उठली. पंचांगाची इतकी ओढाताण मी पाहिली नव्हती.

आणि सरकार! लोकरीचा धंदा चालावा म्हणून सतराव्या शतकात कायदा केला, की मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कापडात पुरायचं. नाही तर पाच पौंड दंड. त्यातला अर्धा गरिबांना, अर्धा खबर देणाऱ्याला. ऐपतदार घरातली माणसं लिननचं कापड वापरून आपणच आपली खबर द्यायची आणि अर्धा दंड वाचवायची! १७८३ मध्ये दर नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला. कंगालांना माफी होती, म्हणून काही नावांपुढे इंग्रजी 'पी' हे अक्षर दिसतं, पॉपर म्हणजे कंगाल यासाठी. कर लागू व्हायच्या आधी लोकांनी पोरांना बाप्तिस्म्यासाठी रांगेने आणलं. कायदे करणाऱ्यांच्या मनात काहीही असो, त्यांच्या प्रत्येक लुडबुडीने माझ्या हाती एकेक धागा दिला आहे.

१७५४ पासून लग्नांसाठी छापील वह्या आल्या आणि वधूवरांना, साक्षीदारांना सह्या कराव्या लागल्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने फुली मारायची. आमच्या सुताराची सही आहे, बायकोची फुली. याच छापील वह्यांच्या नमुना पानावर, स्टीव्हन्टनच्या चर्चमध्ये, पाद्र्याच्या मुलीने स्वतःसाठी खोटेखोटे नवरे लिहून ठेवले. त्यांतला एक नुसता जॅक स्मिथ. मुलीचं नाव जेन ऑस्टिन.

पण खरं सांगू? वहीत माणसाचा सांगाडा मिळतो, स्वभाव मिळतो तो मृत्युपत्रात. यॉर्ककडची मृत्युपत्रं तिथल्या विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत. ज्यांची मालमत्ता दक्षिणेतही होती त्यांची कँटरबरीच्या धर्मकोर्टात जायची, ती लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. नवरा असेपर्यंत बाईला त्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून बायकांची मृत्युपत्रं बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची. सुताराची आई विधवा होती. १७६१ सालचा तिचा कागद भाचेसुनेने मागवला आणि आम्ही दोघी फोनवर ओळ न ओळ वाचत बसलो. त्या अक्षरातला लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा, त्यामुळे पहिलं पान फार छळतं.

सुरुवात देवाच्या नावाने, आत्मा त्याच्या स्वाधीन करून. ते सगळं ठरीव. मग म्हातारी मुद्द्यावर येते. पिसांची उत्तम गादी थोरल्या लेकीला. कथलाच्या थाळ्या धाकटीला, "पण मोठी थाळी नाही." बिछाना ऊबदार करायचं निखाऱ्याचं भांडं नातीला. सुताराला एक शिलिंग. इथे भाचेसून हळहळली, की आईने मुलाला तोडलं. मला तसं वाटत नाही. अशा पुष्कळ मृत्युपत्रांत शिलिंगाचा अर्थ एवढाच, की याचा वाटा आधीच देऊन झालाय आणि याला आम्ही विसरलेलो नाही. नवऱ्याची हत्यारं आणि कारखाना त्याच्याचकडे गेला असणार. मोठ्या थाळीचं काय झालं, ते मात्र कागद सांगत नाही, आणि मला तेच जाणून घ्यायचंय.

शेवटून दुसऱ्या कलमात आणखी एक मुलगा निघाला, ज्याचा वहीत बाप्तिस्म्यानंतर मागमूस नाही. त्याला दहा पौंड, "समुद्रापलीकडून जिवंत परत आला तर."

मी खुर्चीतून उठले. कारण समुद्रापलीकडे म्हणजे मुंबईलाही असेल, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या मुंबईच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला धाडल्या जायच्या. १७०९ पासूनच्या त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १७१८ मध्ये उघडलेलं फोर्टातलं सेंट थॉमस चर्च मी शेकडो वेळा बसमधून पाहिलं असेल, आत कधी पाऊल टाकलं नाही.

भाचा म्हणतो, "आत्या, तो व्हर्जिनियाला गेला असेल, नाहीतर वाटेत बुडाला असेल." असेलही. मुंबईच्या दफनांची पानं मी उघडली आहेत. अजून १७५४ वरच आहे.