उजवें बटन

क्षमा मागणें कोणालाहि अवघडच. पण ती स्वतःच्या मुलाची मागावयाची असली, म्हणजे वर्गांत पंचवीस वर्षें अखंड चालत आलेली जीभहि टाळूला चिकटते.

परीक्षा तोंडावर आली असतां चिरंजीव व्हिडिओ गेममध्यें रमलेले पाहून माझा तोल सुटला. मीं त्याच्या हातांतला कंट्रोलर हिसकावून घेतला आणि टेबलाच्या कडेवर आदळला. तो अवाक्षरहि बोलला नाहीं. चार दिवसांनीं सौभाग्यवतींकडून कळलें कीं, तर्जनीखालचें उजवें बटन मुकें झालें आहे. आणि ‘बाबांना सांगूं नकोस’ असें त्यानें तिला बजावलें आहे. हें दुसरें वाक्य मला अधिक लागलें.

नवा कंट्रोलर आणतां आला असता. पण पैसे टाकून अपराधांतून मोकळें होणें मला रुचेना. एका रविवारीं घरांत कोणी नसतांना मीं तो उघडावयास घेतला. सहा पाकळ्यांच्या डोक्याचे चार स्क्रू सांपडले. पांचवा बॅटरीच्या कप्प्यांत लेबलाखालीं दडून बसला होता. आंत पाहतों तों बटनाचा सारा कारभार हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका स्विचकडे! त्याच्या पोटांत पातळ पत्र्याची घुमटी असते. बोट दाबलें कीं ती ‘टक्’ करून खालीं लवते व विजेची वाट जुळते. बोट उचललें कीं पुन्हा वर येते. असें हजारों वेळां दबणें तिला सोसतें. आदळआपट मात्र सोसत नाहीं.

जुना स्विच कांहीं केल्या सुटेना. हल्लींचा डाख बहुधा शिशावांचून करतात. तो सुमारें २१७ अंशांवर वितळतो. वडिलांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या डब्यांत ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असलेल्या डाखाचें जुनें वेटोळें होतें. हा १८३ अंशांवरच पाघळतो. तो त्यांत थोडा मिसळला, तेव्हां कुठें तो हट्टी सांधा मऊ झाला. मीं जोर करीत होतों तोंवर कांहींच हललें नव्हतें.

संध्याकाळीं चिरंजीवांनीं बटन दाबलें. टक्! त्यानें चकित होऊन कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला.

“बाबा, इथें कडेला जरा करपलंय.”

“माझ्याच हातून झालं तें,” मी म्हणालों.

कशाविषयीं, हें त्यानें विचारलें नाहीं. नुसता थोडा सरकून त्यानें मला बाजूला जागा करून दिली.